स्लॅबवर पॅकेज एसी बसवायचा तर

"मेस्त्री, मशीन गुरुवारी येतंय, हायड्रा क्रेन सांगून ठेवू काय?" असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. मी विचारतो, मशीन ठेवणार कुठे? "स्लॅबवर." स्लॅबवर कुठे? की पलीकडे शांतता. मग मी म्हणतो, हायड्रा राहू दे, आधी मला चहाला बोलवा.

चिपळुणात मी चोवीस वर्षं एसीची कामं करतोय. विंडो एसी खांद्यावर घेऊन जिने चढलोय, आता अकरा-सतरा टनांची मशीनं बसवतो (हा टन वजनाचा नव्हे, गार करायच्या ताकदीचा). २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं, तोवर इथली निम्मी आउटडोअर युनिटं इमारतीच्या मागे जमिनीवर नाहीतर हाताला पोचतील अशा उंचीवर होती. पुढचे तीन महिने मी टर्मिनलच्या डब्यांतून चिखल काढत होतो. तेव्हापासून जो तो म्हणतो, वर चढवा. बरोबरच आहे ते. पण जमिनीवर चुकलेलं मशीन चार माणसं पहार लावून सरकवतात. स्लॅबवर चुकलेलं सरकवायला परत हायड्रा लागतो, आणि तोवर बहुतेक स्लॅब गळायला लागलेला असतो.

पॅकेज म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो, कारण डक्टेबल आणि पॅकेज यांत लोकांचा गोंधळ होतो. डक्टेबलमध्ये ब्लोअरचं युनिट आत, कंडेन्सर बाहेर आणि मध्ये तांब्याचे पाइप. पॅकेजमध्ये ब्लोअर, कूलिंग कॉइल, कॉम्प्रेसर, कंडेन्सर सगळं एकाच पेटीत, आणि ती पेटी उघड्यावर. हॉलमध्ये जातात ते फक्त दोन डक्ट, म्हणजे हवेचे पत्र्याचे बोगदे, गार हवेचा आणि परतीचा. गॅस कंपनीतूनच भरून येतो. पाइप नाहीत, ब्रेझिंग नाही, व्हॅक्युम नाही. त्यामुळे सगळ्यांना वाटतं काम सोपं आहे, पेटी ठेवली, डक्ट जोडला, वायर ओढली, झालं. मशीनचं काम सोपंच आहे. अडचणी सगळ्या मशीनच्या आजूबाजूच्या असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच मशीन यायच्या आधीच सोडवाव्या लागतात.

उदाहरणाला दापोली तालुक्यातलं एक मंगल कार्यालय घेतो. समुद्र जेमतेम आठशे मीटरवर. अकरा टनांचं मशीन, प्लेटवर वजन ४३० किलो, लांबी २.२ मीटर, रुंदी १.४, उंची १.३.

वजन

वावर असलेल्या गच्चीचं डिझाइन आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो धरून करतात. जिथे माणसांचा वावर नाही अशा छपराला त्याच्या निम्मंच. आता आमचं मशीन बघा. २.२ गुणिले १.४ म्हणजे ३.०८ चौरस मीटर. ४३० ला भागलं की चौरस मीटरला १४० किलो. मालक म्हणाले, बसलं की हिशेबात! बसलं, पण ते मशीन गादीसारखं स्लॅबभर पसरलं तर. प्रत्यक्षात ते चार पायांवर उभं राहणार. स्टँडचं वजन वेगळं, डक्टचं वेगळं, आणि दुरुस्तीला मी, माझा भाचा आणि सिलिंडर वर असणार ते वेगळं. शिवाय मशीन थरथरतं.

म्हणून पाय स्लॅबच्या मध्यावर टेकवायचेच नाहीत. खालच्या बीमची रेघ शोधायची. खालून बीमला लागून एक बारीक भोक पाडलं की वर जागा कळते, पण तेही इंजिनिअरला विचारून. आयएसएमसी १०० ची, म्हणजे १०० मिलिमीटरची सी आकाराची, दोन लोखंडी चॅनेल एका बीमवरून दुसऱ्या बीमवर टाकायची आणि मशीन त्यांवर बसवायचं. म्हणजे वजन चॅनेलमधून बीमला, बीममधून कॉलमला, आणि स्लॅबला जवळजवळ काही नाही. अंतर जास्त असेल तर चॅनेलचा आकार इंजिनिअर सांगेल तो. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वाचवणारे मालक मी पाहिलेत. मी त्यांना सांगतो, त्याच्या सहीचा कागद आल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही. दोन कामं त्यापायी गेली, जाऊ देत.

डक्टसाठी स्लॅब कापायचा असेल तर तेही त्याच इंजिनिअरकडून. सळ्या कुठून जातात हे ब्रेकर चालवणाऱ्याला ठाऊक नसतं. शक्य असेल तिथे मी स्लॅब कापतच नाही. मशीनच्या बाजूने डक्ट काढून पॅरापेटवरून खाली वळवायचा आणि भिंतीतून आत घ्यायचा. डक्ट थोडा लांबतो, पण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात स्लॅबला भोक पाडणं म्हणजे कायमचं दुखणं. पाडावंच लागलं तर भोकाभोवती किमान एक फूट उंच काँक्रीटची कड ओतून घ्या आणि वॉटरप्रूफिंग तिच्या माथ्यापर्यंत चढवा.

आणि कोबा, म्हणजे गळती थांबवायला स्लॅबवर घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर. ब्रिकबॅट कोब्यात ड्रिल मारून अँकर ठोकू नका. चार इंच कोबा, खाली स्लॅब. बोल्ट कोब्यातच अडकतो आणि फट मात्र स्लॅबपर्यंत पोचते. पाणी त्या फटीतून उतरतं आणि भलत्याच ठिकाणी, वीस फुटांवर, नवरीच्या खोलीच्या पीओपीवर उमटतं. शिव्या एसीवाल्याला. बीमच्या जागी कोबा फोडायचा, स्लॅबच्या सळ्यांना बांधून नऊ इंचांचे आरसीसी ठोकळे ओतायचे, त्यांतच जे-बोल्ट सोडायचे, आणि मग कोबा परत ठोकळ्यांच्या अंगावर चढवून घ्यायचा. ठोकळ्यांना तीन आठवडे पाणी मारायचं. म्हणून म्हणतो, गुरुवारी मशीन येत असेल तर मला महिनाभर आधी बोलवा.

वारा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. दापोली-मंडणगडात त्या दिवशी पाण्याच्या टाक्या, पत्रे, सोलरच्या काचा, काय काय उडालं ते लोकांना अजून आठवतं. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, उत्तर चौरस मीटरला न्यूटनमध्ये. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दाब साधारण ६५० न्यूटन, म्हणजे एका चौरस मीटरवर ६५ किलोंचा रेटा. आमच्या मशीनची लांब बाजू २.८६ चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ १९० किलो आडवे ढकलतायत, झुळकीगणिक कमीजास्त होत. इंजिनिअर याहून जास्त वेग धरून हिशेब करतो, आणि त्याने तसंच करायला हवं.

मशीन स्वतःच्या वजनावर कदाचित उभं राहील. पण नुसत्या रबराच्या पॅडवर ठेवलेलं मशीन तसूतसूने सरकतं आणि मशीनला डक्ट जोडणारा कॅनव्हास फाटतो. म्हणून पॅडही हवेत आणि बोल्टही. पॅड थरथर खातो, बोल्ट वारा अडवतो. बोल्टच्या वॉशरखाली रबराची चकती टाका, नाहीतर लोखंडाला लोखंड भिडून थरथर सरळ बीममध्ये उतरते आणि खाली मंगलाष्टकांच्या वेळी गुंगूं ऐकू येतं.

वादळात आधी काय जातं? पॅनेल. सर्व्हिसला आलेला पोरगा आठ स्क्रूंपैकी तीन लावून जातो. तीन स्क्रूंवरचं पॅनेल वारा पत्त्यासारखं उचलतो, आणि गच्चीवरून उडालेला चार फुटी पत्रा काय करू शकतो ते मला लिहायला नको. मे महिन्यात एकदा वर जाऊन स्क्रू मोजायचे. माझ्या भाच्याला मी स्क्रूची पुडी खिशात ठेवल्याशिवाय जिना चढू देत नाही.

स्टँड मी साइटवर वेल्डिंग करून बनवत नाही. खाऱ्या हवेत तो दोन पावसाळ्यांत सडतो. आधी बनवून, मग हॉट डिप गॅल्व्हनाइज करून आणायचा आणि साइटवर फक्त बोल्टने जोडायचा. गॅल्व्हनाइज केलेल्यावर वेल्डिंगचा एक टाका मारलात तर तिथली जस्ताची कातडी जळते, आणि गंज बरोबर तिथूनच सुरू होतो.

पत्र्याची शेड

कोकणात सगळ्यांत जास्त मशीनं यानेच मरतात. आपल्याकडे गळती थांबवायला स्लॅबवर पत्र्याची शेड टाकायची पद्धत आहे. शेड आधीपासूनच असते, नाहीतर मशीन बसवल्यावर मालक प्रेमाने टाकतात. "एवढं आठ लाखाचं मशीन, भिजेल ना!"

भिजू दे. ते भिजायलाच बनवलंय. कंडेन्सरचा पंखा गरम हवा वर फेकतो. वर सात फुटांवर पत्रा असेल तर ती हवा पत्र्याला धडकून खाली येते आणि परत कॉइलमध्ये शिरते. बाहेर ३४ अंश असताना मशीनला वाटतं ४८ अंश आहेत. दाब चढत जातो आणि बरोबर दुपारी दीडला, जेवणाच्या पंगती बसल्यावर, हाय प्रेशरवर मशीन बंद पडतं. मी स्वतः थर्मामीटर धरून बसलोय अशा शेडखाली: कॉइलच्या तोंडाशी ४९, शेडबाहेर सावलीत ३५. मालकाला तेव्हाच पटलं, आधी नाही.

आणखी एक गोष्ट. समुद्राजवळ शेडखालचं मशीन उघड्यावरच्यापेक्षा लवकर गंजतं. मीठ हवेतून येतं, शेड त्याला अडवत नाही; पण ते धुऊन काढणारा पाऊस मात्र शेड अडवते.

मशीनच्या वर मोकळं आकाश हवं. शेड असेल तर मशीनपुरती कापायची, आणि कापलेल्या कडेचं पाणी मशीनवर धो धो पडणार नाही असं पन्हळ लावायचं. कॉइलच्या बाजूंना किमान एक मीटर मोकळं ठेवायचं, आणि पॅनेल उघडायच्या बाजूला त्याहून थोडं जास्त. नेमका आकडा मशीनच्या पुस्तकात असतो, तोच खरा. दोन मशीनं असतील तर त्यांची तोंडं एकमेकांकडे करू नका. गच्चीच्या कडेपासून मी सहा फूट आत राहतो. ते हवेसाठी नाही. उद्या पावसात कुणीतरी पान्यावर जोर देणार, पाना सटकणार आणि तो मागे जाणार. मागे जायला जागा पाहिजे. पॅरापेट कमरेच्या खाली असेल तर मी आधी रेलिंग मागतो.

चढवणं

मशीन ट्रकमध्येच तपासा, उतरवायच्या आधी. कॉइलच्या यू-बेंडपाशी तेलाचा डाग दिसला तर तिथे गळती आहे. तसं मशीन वर चढवूच नका, फोटो काढा, चलनावर शेरा लिहा आणि मगच सही करा. एकदा वर गेल्यावर "तुम्हीच आपटलंत" सुरू होतं. माझ्यावर एकदा आलंय.

हायड्राचा चालक अनुभवी असतो, पण त्याला एसी माहीत नसतो. त्याला मशीन म्हणजे दगड. पट्टे मशीनच्या बेसमधल्या भोकांतून घालायचे, पाइपला किंवा कॉइलच्या चौकटीला कधीच नाही. वर पट्टे आत ओढले जाऊन पत्रा चेपतो, म्हणून मध्ये आडवी बार लावायची. कॉम्प्रेसरची बाजू जड असते. आधी सहा इंच उचलून थांबा, मशीन कुठे झुकतं ते बघा, खाली ठेवा, पट्टा सरकवा, परत उचला. या पाच मिनिटांसाठी चालक तोंड वाकडं करतो, करू दे. मशीनला दोन टोकांना दोन लांब सुती दोऱ्या बांधायच्या, हेलकावे आवरायला. हाताने मशीन धरायचं नाही, आणि खालून कुणी जायचं नाही. सगळ्यांत अवघड हेच, कारण गावात हायड्रा आला की अर्धी आळी बघायला जमते.

वर तारा बघा. हायड्राचा बूम आणि महावितरणची ११ केव्हीची लाइन, एवढं एकच कारण माणूस मरायला पुरतं. तारेला शिवायचीही गरज नसते, नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी मारते. लाइन आसपास असेल तर लेखी अर्ज देऊन बंद करून घ्यायची. "पाच मिनिटांत उरकतो" असं म्हणणाऱ्याच्या कामावर मी थांबत नाही. हायड्राच्या चाकांखाली भराव आहे की कातळ, तेही बघा. पावसाळ्यानंतर भरावाची माती आतून पोकळ असते. वारा सुटला किंवा वळवाचे ढग आले की काम उद्यावर.

पाण्याचा ट्रॅप

हा भाग छोटा आहे, पण दहातल्या सात ठिकाणी चुकलेला सापडतो. आपल्या दमट हवेत अकरा टनांचं मशीन तासाला १०-१५ लिटर पाणी काढतं. बहुतेक पॅकेज मशीनमध्ये ब्लोअर कॉइलच्या पुढे असतो, म्हणजे पाण्याच्या ताटलीवर हवेची ओढ असते. सरळ पाइप लावलात तर पाइपातून हवा आत ओढली जाते आणि पाणी बाहेर पडतच नाही. ताटलीत साचतं, मग ब्लोअर ते डक्टमध्ये उडवतो आणि खाली ग्रिलमधून पाहुण्यांच्या अंगावर तीर्थ.

म्हणून यू आकाराचा ट्रॅप हवा. मशीनच्या नळीपासून ट्रॅपचं बाहेरचं तोंड किमान तीन इंच खाली, आणि त्याच्याही खाली दीड-दोन इंच पाणी कायम उभं राहील एवढा खड्डा. ब्लोअरची ओढ जास्त असेल तर हे माप वाढतं. पाइपाची जाडी धरून मशीनखाली सात-आठ इंच लागतात, म्हणून स्टँड दीड फूट उंच करायचा. खालून झाडूही फिरतो. सुरू करायच्या आधी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. हे कुणी करत नाही, आणि मग पहिल्याच दिवशी फोन येतो.

वीज

माझ्याकडे एसीचा अनुभव आहे, पण मेन पॅनेलपासून गच्चीपर्यंतचं काम परवानाधारक वायरमननेच करायचं. सगळ्यांत आधी महावितरणचा मंजूर भार बघा. अकरा टनांचं मशीन साधारण १२-१३ किलोवॅट खातं, फेजला वीस अँपिअरच्या आसपास. केबल आणि ब्रेकरचा आकडा मशीनच्या प्लेटवरून घ्या, शेजारच्या कार्यालयात काय लावलंय त्यावरून नाही. केबल आर्मर्ड, तांब्याची. गच्चीवर ती जमिनीवर लोळवू नका, उन्हात शिजते आणि पावसात बुडते.

अर्थिंग दोन, स्वतंत्र. थ्री फेज मशीनला ते नियमानेच लागतं. आपल्या जांभ्या कातळात एक खड्डा पुरतही नाही. मार्च-एप्रिलमध्ये, जमीन कोरडी ठाक असताना टेस्टरने मोजून घ्या. जुलैत मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही, तेव्हा अख्खं कोकणच अर्थिंग असतं. अर्थ लीकेजचा ब्रेकर लावा.

मशीनच्या शेजारी, तिथून हात पोचेल असा आयसोलेटर, म्हणजे वीज तोडायचा स्विच, हवाच, वॉटरप्रूफ डब्यात आणि कुलूप लागेल असा. २००९ साली मी एका गच्चीवर ब्लोअरच्या पुलीत हात घालून बेल्ट बघत होतो. खाली पॅनेलला "काम चालू आहे" असा पुठ्ठा अडकवलेला. मॅनेजरला गरम झालं, त्याने पुठ्ठा बाजूला केला आणि स्विच चढवला. कंट्रोलमध्ये तीन मिनिटांचा टाइमर होता म्हणून हाताची पाचही बोटं आज हे टाइप करतायत. तेव्हापासून आयसोलेटरला माझं कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आणि त्यानंतर टेस्टरने तिन्ही फेज बघितल्याशिवाय पॅनेल उघडत नाही. कपॅसिटर असतील तर पाच मिनिटं थांबायचं. पुठ्ठा कुणी वाचत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना

घाई इथेच होते, कारण मालक नारळ घेऊन उभे असतात. कॉम्प्रेसरच्या बुडाला तेल गरम ठेवणारा हीटर असतो. वीज जोडून तो निदान बारा तास, जमल्यास पूर्ण दिवस चालू ठेवायचा आणि मगच कॉम्प्रेसर चालवायचा. नाहीतर तेलात मिसळलेला गॅस सुरू होताना फसफसतो आणि कॉम्प्रेसर तेलाविना फिरतो. म्हणून नारळ दुसऱ्या दिवशीचा काढा.

तोवर आतले सगळे टर्मिनल परत आवळून घ्या. पुण्याहून घाट उतरून आलेल्या मशीनचा निदान एक स्क्रू ढिला सापडतोच. कॉम्प्रेसरला प्रवासासाठी लावलेले बोल्ट किंवा क्लॅम्प पुस्तकात सांगितले असतील तर काढा.

मग व्होल्टेज. तिन्ही फेजमधलं मोजा. दापोलीच्या त्या कामावर आकडे आले ४१८, ४०२, ३९५. सरासरी ४०५. सरासरीपासून सगळ्यांत लांबचा आकडा ४१८, फरक १३. तेराला ४०५ ने भागलं की ३.२ टक्के. दोन टक्क्यांच्या वर मी मशीन चालवत नाही. फरकाच्या टक्क्यांचा वर्ग करून दुप्पट करा, साधारण तेवढ्या टक्क्यांनी मोटारीच्या वाइंडिंगचा ताप वाढतो. इथे तो वीस टक्के झाला. शोधल्यावर कळलं, हॉलचे दिवे, पंखे, स्वयंपाकघरातले मिक्सर सगळं एकाच फेजवर. वायरमनने वाटून दिल्यावर फरक एका टक्क्यावर आला.

आता आधी फक्त ब्लोअर चालवा. तो उलटा फिरत असेल तर हवा येते पण मेल्यासारखी. म्हणजे फेजचा क्रम उलटा आहे. आयसोलेटर बंद करून, कुलूप लावून, येणाऱ्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. फक्त येणाऱ्या. कंपनीने ब्लोअर आणि कॉम्प्रेसर एकाच क्रमात जोडलेले असतात. ब्लोअरच्याच वायरी बदलल्यात तर ब्लोअर सुलटा आणि कॉम्प्रेसर उलटा. स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला की दाब बनत नाही, भांडी घासल्यासारखा आवाज येतो आणि तो तापत जातो.

जनरेटरवरून सांगतो. एका लग्नात, कुठल्या गावात ते राहू दे, वीज गेली, जनरेटर सुरू झाला, दिवे लागले आणि एसी मात्र सुरू होईना. फेज प्रिव्हेंटरचा, म्हणजे फेजचा क्रम चुकला की मशीन अडवणाऱ्या डबीचा, लाल दिवा. तिथल्या माणसाने डोकं चालवलं, प्रिव्हेंटरच्या दोन वायरी उघडून एकत्र पिळल्या आणि मशीन "सुरू" झालं. मला फोन आला तेव्हा मागून तोच भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी फोनवरच ओरडलो, बंद कर! दोनपैकी एक कॉम्प्रेसर गेला होता. जनरेटरचा फेजचा क्रम महावितरणच्या क्रमाशी कधी कुणी जुळवलाच नव्हता. तेव्हा मशीन ताब्यात देण्यापूर्वी जनरेटरवरही चालवून बघा. क्रम चुकला तर वायरी जनरेटरच्या बाजूला बदला. आणि प्रिव्हेंटर मशीनला अडवत असेल तर तो त्याचं काम करतोय.

पाऊण तास चालल्यावर परतीच्या आणि गार हवेच्या तापमानातला फरक मोजा. ९ ते १२ अंश असेल तर ठीक. त्याहून बराच जास्त म्हणजे हवा कमी पडतेय. टनाला ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), म्हणजे अकरा टनांना ४,४०० हवेत. फिल्टर, डॅम्पर, बेल्ट बघा. गॅसचा दाब मोजायचं गेज लावायची घाई नको. गॅस मोजून भरलेला आहे, आणि दर वेळी गेज लावताना थोडा जातोच. आर-४१०ए गॅसचा दाब जुन्या आर-२२ गॅसच्या दीडपटीहून जास्त असतो, जुने होज त्याला लावू नका.

खरंच गळती निघाली आणि नायट्रोजन भरायची वेळ आली, तर सिलिंडरचा रंग बघून घ्या: नायट्रोजनचा करडा, मानेला काळा. ऑक्सिजनचा काळा. गळती शोधायला ऑक्सिजन भरला तर आतल्या तेलाशी भेट होऊन स्फोट होतो. नायट्रोजनलाही रेग्युलेटर लागतोच, आणि दाब प्लेटवर लिहिलेल्या आकड्यापलीकडे न्यायचा नाही. संध्याकाळी ३५ अंशांना ४०० पीएसआय भरलं आणि सकाळी २४ अंशांना ३८५ दिसलं तर घाबरू नका, ती थंडी आहे. ३७० दिसलं तर साबणाचं पाणी घ्या.

सगळं जमलं की मी एक कागद भरतो: तारीख, तिन्ही फेजचं व्होल्टेज, प्रत्येक कॉम्प्रेसरचे अँपिअर, ब्लोअरचे अँपिअर, परतीची आणि गार हवा, बाहेरचं तापमान, जनरेटरवरचेही आकडे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दाराला आतून चिकटवतो. समुद्राजवळच्या मालकांसाठी खाली आणखी एक ओळ असते: नोव्हेंबर ते मे, महिन्यातून एकदा, मशीन बंद करून, कॉइल गोड्या पाण्याने धुणे, नळीने, प्रेशर पंपाने नव्हे. दापोलीच्या मालकांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने तारखा टाकायला सुरुवात केलीय. मार्चची राहिली होती, मी फोन करून आठवण केली.